कुत्र्याला घेऊन परदेशी राहायला जायचंय? मग तयारी सहा महिने आधीच का सुरू करावी लागते

जर्मनीतल्या नोकरीचं पत्र येतं. रुजू व्हायची तारीख आठ आठवड्यांवर असते. व्हिसा, घर, मुलांची शाळा, सामानाचे खोके अशी कामांची यादी तयार होते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी घरातलं कुणीतरी विचारतं, "आणि ब्रूनोचं काय?" तोपर्यंत सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं, की एक लस, डॉक्टरांचं एक पत्र आणि विमानाचं एक तिकीट काढलं की झालं.

खरी अडचण इथेच सुरू होते. भारतातून युरोपात जाणाऱ्या कुत्र्याला, त्याची तयारी पूर्ण शून्यापासून करायची असेल, तर कमीत कमी चार महिने लागतात. प्रत्यक्षात सहा महिने धरलेले बरे. हा वेळ पैसे भरून कमी होत नाही, तातडीचं शुल्क देऊन कमी होत नाही आणि ओळख लावूनही कमी होत नाही. कारण तो सरकारी दिरंगाईचा वेळ नाही. तो एका विषाणूच्या स्वभावावरून ठरलेला आहे.

हे गणित वेळेत कळलं नाही तर परिणाम कुत्र्याला भोगावे लागतात. तो काही महिने मागे राहतो, परक्या देशातल्या क्वारंटाइनमध्ये अडकतो किंवा घाईघाईत कुणाच्या तरी गळ्यात मारला जातो. ते टाळायचं असेल तर तयारीचा क्रम आणि त्यामागची कारणं नीट समजून घ्यायला हवीत.

सगळं रेबीजभोवती का फिरतं?

रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस असो वा कुत्रा, वाचणं जवळपास अशक्य असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी ३६ टक्के मृत्यू भारतात होतात. भारतात माणसाला हा रोग होतो तो बहुतांश वेळा कुत्र्याच्या चाव्यातून. म्हणूनच बऱ्याच देशांच्या यादीत भारत 'जास्त धोक्याचा' किंवा 'यादीबाहेरचा' देश ठरतो. घरातला कुत्रा कधी एकटा गेटबाहेर पडला नसला, तरी नियम देश पाहून लागतो. त्या एका कुत्र्याची कुंडली कुणी मांडत बसत नाही.

ज्या देशांनी रेबीज हटवला, त्यांनी हा धडा अनुभवातून घेतला आहे. ब्रिटनने १९०२ पर्यंत रेबीज संपवला होता. पहिल्या महायुद्धातून परतणाऱ्यांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांमुळे तो १९१८ मध्ये पुन्हा आला आणि तो पूर्ण जायला १९२२ उजाडलं. त्यानंतर कित्येक दशकं ब्रिटनमध्ये येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने क्वारंटाइनमध्ये काढावे लागत. २००० साली ही पद्धत बदलली आणि चिप, लस व रक्ततपासणी यांच्या आधारे प्रवेश मिळू लागला.

अमेरिकेने २००७ मध्ये कुत्र्यांमधून पसरणारा रेबीज देशातून गेल्याचं जाहीर केलं. पण जून २०२१ मध्ये अझरबैजानहून आणलेल्या ३३ कुत्र्यांपैकी एक रेबीजग्रस्त निघाला. त्या कुत्र्याजवळ लसीकरणाचे कागद होते. म्हणजे नुसत्या कागदावर विसंबून चालत नाही, हे पुन्हा एकदा दिसलं. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेने जास्त धोक्याच्या देशांतून कुत्री आणण्यावर तात्पुरती बंदी घातली आणि पुढे २०२४ मध्ये नियम नव्याने बांधले.

चार पायऱ्या आणि त्यांचा क्रम

देश कोणताही असो, मूळ साखळी साधारण सारखीच असते: आधी चिप, मग लस, मग रक्ततपासणी, मग थांबणं. यातली एक कडी मागेपुढे झाली की पुढचं सगळं पुन्हा करावं लागतं.

पहिली पायरी मायक्रोचिपची. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप मानेजवळ कातडीखाली इंजेक्शनने बसवतात. तिच्यात बॅटरी नसते आणि ती जीपीएससारखी कुत्र्याचा ठावठिकाणाही सांगत नाही. स्कॅनर जवळ नेला की फक्त एक क्रमांक दिसतो. हा क्रमांक १५ अंकी आणि आयएसओ ११७८४ व ११७८५ या मानकांनुसार असावा लागतो. चिप बसवल्यावर ती स्कॅन करून, आलेला क्रमांक लसीच्या पुस्तिकेत लिहून घ्यायचा. एक अंक चुकला तरी विमानतळावर तो कुत्रा 'दुसराच' ठरू शकतो.

दुसरी पायरी रेबीजच्या लसीची. बहुतेकांची गाडी इथेच अडते. कुत्र्याला दरवर्षी लस दिलेली असते, पुस्तिका शिक्क्यांनी भरलेली असते, पण चिप मात्र परदेशी जायचं ठरल्यावर बसवलेली असते. अशा वेळी चिपच्या आधी दिलेली लस धरली जात नाही. ती लस याच कुत्र्याला दिली होती, याचा पुरावा कुणाकडेच नसतो. त्यामुळे चिप बसवल्यावर पुन्हा लस द्यावी लागते. दोन्ही एकाच दिवशी करता येतं, फक्त आधी चिप आणि मग लस. पुस्तिकेत लसीचं नाव, बॅच क्रमांक, दिल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, डॉक्टरांची सही आणि शिक्का हे सगळं हवं. युरोपच्या नियमांनुसार ही लस देताना पिल्लाचं वय किमान १२ आठवडे असायला हवं.

तिसरी पायरी रक्ततपासणीची. तिला टायटर टेस्ट म्हणतात. लस टोचली एवढं पुरत नाही, शरीराने तिला दाद दिली का, हे ही तपासणी सांगते. रक्तातली रेबीजविरोधी प्रतिपिंडं प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असायला हवीत. लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त काढायचं आणि नमुना त्या-त्या देशाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच पाठवायचा. जवळच्या पॅथॉलॉजी लॅबचा अहवाल इथे उपयोगाचा नसतो. आयुष्यात पहिल्यांदाच लस घेतलेल्या काही कुत्र्यांमध्ये हा आकडा कमी भरतो. तसं झालं तर पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस आणि पुन्हा रक्त.

चौथी पायरी थांबण्याची. युरोपीय संघासाठी आणि ब्रिटनसाठी रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबावं लागतं. अहवाल चांगला आला असेल, तर हे थांबणं कशासाठी? कारण रेबीजचा विषाणू चाव्यातून शरीरात गेल्यावर काही आठवडे ते काही महिने कोणतंही लक्षण न दाखवता दडून राहू शकतो. समजा, लस घेण्याच्या आठवडाभर आधी कुत्र्याला एखादा पिसाळलेला कुत्रा चावला होता. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं दिसतील, तरी रोग आतून पुढे सरकत असू शकतो. रक्ततपासणी लसीचा परिणाम दाखवते, आधीच झालेला संसर्ग दाखवत नाही. तो उघडा पडायला वेळच जावा लागतो. दिलासा एवढाच, की हे तीन महिने कुत्रा आपल्याच घरात, आपल्याच माणसांत काढतो.

तारखा मांडल्या की चित्र स्पष्ट होतं. १ जूनला चिप आणि लस झाली, २ जुलैला रक्त काढलं आणि अहवाल चांगला आला, तर तो कुत्रा जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये लवकरात लवकर २ ऑक्टोबरला उतरू शकतो. १२ आठवड्यांच्या पिल्लाला लस दिली तरी निघेपर्यंत ते सात महिन्यांचं होतं. म्हणून 'लहान असतानाच घेऊन जाऊ' हा बेत भारतातून युरोपसाठी जमत नाही.

यातला सर्वात मोठा फायदा मात्र फार कमी जणांना माहीत असतो. युरोपसाठी केलेली टायटर टेस्ट, पुढची प्रत्येक लस आधीच्या लसीची मुदत संपण्यापूर्वी दिली गेली, तर पुन्हा करावी लागत नाही. म्हणजे परदेशी जाण्याची नुसती शक्यता असली, तरी चिप, लस आणि रक्ततपासणी आत्ताच उरकून ठेवता येते. नोकरीचं पत्र येईल तेव्हा तीन महिने आधीच सरलेले असतील. उलट, लस एक दिवस जरी उशिरा दिली, तरी साखळी तुटते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

देश बदलला की नियम बदलतो

युरोपीय संघात वरच्या चार पायऱ्यांबरोबर सरकारी पशुवैद्यकाने दिलेलं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते प्रवेशाच्या आधीच्या दहा दिवसांतलं हवं. कुत्रा आणि त्याला पाळणारा माणूस यांच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर पडलं, तर तो प्रवास व्यापारी समजला जातो आणि वेगळे, अधिक कडक नियम लागतात. 'मी आधी जातो, कुत्रा दोन महिन्यांनी येईल' असं ठरवणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. माल्टा, फिनलंड आणि आयर्लंड या देशांत जाण्यापूर्वी फीतकृमीवरचं औषधही द्यावं लागतं.

ब्रिटनमध्येही हे औषध सक्तीचं आहे आणि तिथे वेळेचं बंधन तासांत मोजतात. उतरण्याच्या किमान २४ तास आणि जास्तीत जास्त १२० तास आधी डॉक्टरांनी ते देऊन वेळेसह नोंद करायची. विमान दोन दिवस उशिरा निघालं, तर हे गणित पुन्हा तपासावं लागतं. विमानाने ब्रिटनमध्ये जाणारे पाळीव कुत्रे केबिनमधून जात नाहीत, ते कार्गो म्हणूनच जातात. कागद अपुरे निघाले तर चार महिन्यांपर्यंत क्वारंटाइन किंवा परत पाठवणी, आणि दोन्हींचा खर्च नेणाऱ्याच्या माथी.

अमेरिकेचे सध्याचे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा, चिप बसवलेला आणि दिसायला निरोगी हवा, शिवाय आयात अर्ज ऑनलाइन भरलेला हवा. भारत जास्त धोक्याच्या यादीत असल्यामुळे भारतात लस घेतलेल्या कुत्र्यासाठी आणखी अटी आहेत. लस आणि चिपचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यकाकडून घ्यावं लागतं. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा टायटर अहवाल लागतो. त्यासाठीचं रक्त पहिल्या लसीनंतर किमान ३० दिवसांनी आणि प्रवेशाच्या किमान २८ दिवस आधी काढलेलं हवं. शिवाय ज्या मोजक्या विमानतळांवर नोंदणीकृत प्राणी केंद्र आहे, तिथेच उतरावं लागतं आणि त्या केंद्रात आधी जागा राखून ठेवावी लागते. नियम आले तेव्हा न्यूयॉर्कचा जेएफके, लॉस एंजेलिस, अटलांटा, मायामी, फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टनचा डलेस हे ते विमानतळ होते. केंद्रात कुत्र्याची तपासणी होते आणि रेबीजची लस पुन्हा दिली जाते. टायटर अहवाल नसेल, तर तिथेच २८ दिवस काढावे लागतात. थेट शिकागोला किंवा सॅन फ्रान्सिस्कोला उतरायचं तिकीट आधी काढून ठेवणाऱ्यांची पंचाईत होते ती यामुळेच.

जपानमध्ये चिपनंतर रेबीजच्या दोन लसी, मग रक्ततपासणी आणि रक्त काढल्यापासून १८० दिवस थांबणं असा क्रम आहे. हे दिवस भारतात पूर्ण केले नाहीत, तर उरलेले दिवस जपानच्या क्वारंटाइनमध्ये जातात.

सर्वात अवघड ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. ऑस्ट्रेलियाच्या मान्यताप्राप्त देशांच्या यादीत भारत नाही, म्हणून भारतातून कुत्रा थेट तिथे नेता येत नाही. त्याला आधी एखाद्या मान्यताप्राप्त देशात न्यायचं, तिथे काही महिने ठेवून सगळ्या अटी पूर्ण करायच्या आणि मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅम इथल्या सरकारी क्वारंटाइनमध्ये दाखल करायचं, असा लांबचा वळसा घ्यावा लागतो. या बाबतीत प्रसिद्धीचाही उपयोग होत नाही. २०१५ मध्ये अभिनेता जॉनी डेप आणि त्याची तेव्हाची पत्नी अँबर हर्ड यांचे पिस्टल आणि बू हे दोन छोटे कुत्रे खासगी विमानातून न कळवता ऑस्ट्रेलियात पोहोचले. कुत्रे देशाबाहेर न्या, नाहीतर त्यांना मारावं लागेल, असा इशारा कृषिमंत्री बार्नबी जॉइस यांनी दिला. कुत्रे तातडीने परत गेले आणि पुढच्या वर्षी प्रवासाच्या अर्जात खोटी माहिती दिल्याचं हर्डने न्यायालयात मान्य केलं.

सगळ्याच्या आधी आणखी एक गोष्ट पाहायची, ती म्हणजे कुत्र्याची जात. जर्मनीत पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर यांना आणायला बंदी आहे. ब्रिटनच्या बंदी घातलेल्या जातींमध्ये पिटबुलबरोबर आता एक्सएल बुलीसुद्धा आहे. जात या यादीत असेल, तर बाकीची तयारी करून उपयोग नाही.

रेबीजपलीकडची तपासणी

परदेशी अधिकारी रेबीज पाहतात. पण कुत्रा तिथे गेल्यावर धडधाकट राहावा, यासाठी आणखी काही तपासण्या निघण्याआधीच करून घेतलेल्या बऱ्या.

पहिली गोचिडांच्या आजारांची. भारतात सगळीकडे आढळणारी तपकिरी गोचीड एर्लिकिया नावाचा जिवाणू पसरवते. याच गोचिडांमुळे बॅबेसिया आणि हेपॅटोझून हे परजीवीही कुत्र्याच्या अंगात शिरतात. एर्लिकियाची गंमत अशी, की सुरुवातीचा ताप उतरल्यावर तो महिने किंवा वर्षंही शरीरात गुपचूप राहू शकतो. मग परदेशात गेल्यावर एक दिवस कुत्र्याच्या नाकातून रक्त येतं आणि प्लेटलेट घटलेल्या निघतात. हा आजार क्वचितच पाहणाऱ्या तिथल्या डॉक्टरांच्या मनात त्याचं नाव पटकन येईलच असं नाही. म्हणून निघण्याआधी रक्ताची ही तपासणी करून घ्यावी, दोष आढळला तर उपचार पूर्ण करावेत आणि तिकडच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत 'हा कुत्रा भारतातून आला आहे' असं आवर्जून सांगावं. काही देश अशा तपासण्या सक्तीनेच मागतात. दक्षिण आफ्रिकेला जायचं तर ब्रुसेला, ट्रिपॅनोसोमा, बॅबेसिया, हार्टवर्म आणि लेशमानिया या पाचांच्या चाचण्या कराव्या लागतात.

दुसरी हार्टवर्मची. डासातून पसरणारा हा जंत हृदयात आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत वाढतो. अमेरिकेत कुत्र्यांना त्याविरुद्ध महिन्याला एक गोळी देण्याची पद्धत आहे, पण ती सुरू करण्याआधी जंत नाही याची खात्री करावी लागते.

तिसरी गोष्ट नेहमीच्या लसींची. डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसी कायद्याने प्रत्येक देश मागत नाही. पण वाटेत दुसऱ्या कुत्र्यांशी संबंध आला किंवा पोहोचल्यावर बोर्डिंगमध्ये ठेवावं लागलं, तर त्या हव्याच. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून फिरणाऱ्या मुंबई-कोकणातल्या कुत्र्यांसाठी लेप्टोची लस तर निघेपर्यंतही महत्त्वाचीच.

याशिवाय दात, कान, कातडी आणि जखमा पाहून घ्याव्यात. अंगावरच्या उघड्या जखमेत अळ्या पडल्या असतील, तर प्रवेशाच्या वेळी अडचण येऊ शकते. सात-आठ वर्षांपुढच्या कुत्र्याचं हृदय, मूत्रपिंड आणि यकृत तपासल्याशिवाय लांबचा प्रवास ठरवू नये. नसबंदी किंवा दातांची सफाई करायची असेल, तर ती निघण्याच्या निदान महिनाभर आधी उरकावी, म्हणजे टाके आणि भूल दोन्हींतून कुत्रा पूर्ण सावरलेला असतो.

विमानातला प्रवास

कार्गोतून जाणारा कुत्रा थंडीने किंवा हवेच्या दाबाने मरतो, अशी भीती बऱ्याच घरांत असते. प्राणी ठेवतात त्या कप्प्यात हवेचा दाब प्रवाशांच्या केबिनसारखाच असतो आणि तापमानही राखलेलं असतं. जास्त धोका असतो तो जमिनीवर, म्हणजे विमानात चढवण्याआधी धावपट्टीजवळ उन्हात थांबावं लागतं तेव्हा. त्यामुळे एप्रिल-मे टाळणं, रात्रीचं विमान निवडणं आणि शक्यतो थेट किंवा एकाच थांब्याचा प्रवास घेणं, या तीन गोष्टींनी बराच फरक पडतो.

आखूड तोंडाच्या जातींची गोष्ट वेगळी. २००३ मधल्या हचच्या जाहिरातीतल्या पगने भारतात या जातीचं वेड लावलं. पण पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर अशा कुत्र्यांचा श्वसनमार्ग मुळातच अरुंद असतो. कुत्रा धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो आणि त्यांना नेमकं तेच नीट जमत नाही. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०१० मध्ये दिलेल्या आकडेवारीत मे २००५ पासून विमानप्रवासात किमान १२२ कुत्रे दगावल्याची नोंद होती. त्यातल्या शुद्ध जातीच्या कुत्र्यांपैकी सुमारे निम्मे आखूड तोंडाचे होते आणि इंग्लिश बुलडॉग सर्वात जास्त, २५ होते. म्हणून अनेक विमान कंपन्या या जाती घेतच नाहीत किंवा फक्त थंडीच्या महिन्यांत घेतात. अशा कुत्र्याचं वजन आटोक्यात आणणं आणि त्याच्या श्वासाची तपासणी करून घेणं, ही तयारी तिकिटाच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवी.

क्रेटचं माप अंदाजाने घेऊन चालत नाही. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचा, म्हणजे आयाटाचा नियम सोपा आहे: कुत्र्याला आत सरळ उभं राहता यावं, वळता यावं आणि ऐसपैस आडवं होता यावं. लांबीसाठी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं अंतर घेऊन त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचं निम्मं मिळवायचं. रुंदीसाठी खांद्यांच्या रुंदीची दुप्पट घ्यायची. उंची म्हणजे उभ्या कुत्र्याचं डोकं किंवा कानाचं टोक, यातलं जे वर असेल तिथपर्यंत, अधिक अंथरुणाची जाडी. आखूड तोंडाच्या जातींना याहून दहा टक्के मोठा क्रेट लागतो.

क्रेट दोन महिने आधी घरी आणून दार उघडं ठेवून हॉलमध्ये ठेवावा. जेवण तिथेच, दुपारची झोप तिथेच. मग काही मिनिटं दार लावायचं, मग तासभर, मग एक अख्खी रात्र. निघायच्या आदल्या दिवशी क्रेट पहिल्यांदा पाहणाऱ्या कुत्र्यासाठी दहा तासांचा प्रवास ही शिक्षाच ठरते.

'झोपेची गोळी देऊ, म्हणजे त्याला त्रास होणार नाही' हा सल्ला मनापासून दिलेला असला तरी धोक्याचा आहे. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळण्याची क्षमता कमी होते, क्रेट हलल्यावर कुत्र्याला तोल सावरता येत नाही आणि तिथे लक्ष ठेवायला डॉक्टर नसतो. आयाटा आणि अमेरिकेतली पशुवैद्यकांची संघटना दोघंही याविरुद्ध सल्ला देतात आणि गुंगीतला कुत्रा पाहून कंपनी त्याला नाकारू शकते. फारच घाबरणाऱ्या कुत्र्याबद्दल काय करायचं, हे त्याला ओळखणाऱ्या डॉक्टरांशी महिनाभर आधी बोलून ठरवावं. निघण्याच्या काही तास आधी हलकं खाणं, भरपूर फिरणं आणि क्रेटला अडकवलेल्या वाटीत पाणी एवढं पुरतं. ते पाणी बर्फ करून ठेवलं, तर चढवताना सांडत नाही आणि हळूहळू वितळत राहतं.

शेवटचे दहा दिवस

भारतातून निघताना ओळखीच्या डॉक्टरांचं पत्र हा शेवटचा कागद नसतो. तो अधिकार केंद्र सरकारच्या ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिस या यंत्रणेचा. तिची कार्यालयं मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि बेंगळुरू इथे आहेत. पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा पणजीहून निघणाऱ्यांना सहसा मुंबई गाठावी लागते. म्हणून तिथली भेटीची वेळ आणि विमानाची तारीख एकत्र बसवावी लागते. प्रमाणपत्र दहा दिवसांतलंच हवं असल्याने ते फार आधीही काढून ठेवता येत नाही.

या टप्प्यावर एकदा सगळे कागद शेजारी ठेवून वाचावेत. चिपचा क्रमांक प्रत्येक कागदावर तोच आहे का? लसीची तारीख चिपच्या आधीची तर नाही ना? कुत्र्याचं वय आणि रंग सगळीकडे एकच लिहिलाय का? पुस्तिकेत 'ब्राउन' आणि प्रमाणपत्रात 'फॉन' एवढ्यावरूनही प्रश्न निघू शकतात. निघण्यापूर्वी चिप पुन्हा स्कॅन करून ती वाचता येते याची खात्री करावी. मूळ कागद हातातल्या बॅगेत, प्रती क्रेटवर आणि फोटो मोबाइलमध्ये असावेत. नियम बदलत असतात, त्यामुळे त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरची यादी तिकीट काढताना आणि निघताना अशी दोनदा पाहावी.

पोहोचल्यावरचे पहिले महिने

कुत्र्यालाही जेट लॅग होतो. पहिले काही दिवस तो रात्री जागतो, खात नाही किंवा पोट बिघडवतो. त्यात खाणं एकदम बदललं तर भर पडते. मांस आणि दूध असलेले पदार्थ भारतातून सामानात नेण्यावर युरोपात निर्बंध आहेत, त्यामुळे इथलं खाद्य महिनाभराचं बांधून नेता येत नाही. तिथे मिळणारा ब्रँड इथेही मिळत असेल, तर निघण्याआधीच आठवडा-दहा दिवसांत हळूहळू त्यावर आणावं. पोळी-दूध किंवा भात-चिकनवर वाढलेल्या कुत्र्याला तर हा बदल महिनाभर आधी सुरू करावा. तिकडच्या शुगर-फ्री च्युइंगम आणि काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल असतं. ते कुत्र्यासाठी विष आहे, अगदी थोडंसुद्धा.

हवामानाची सवयही सावकाशच होते. ठाण्याच्या दमट हवेत वाढलेला लॅब्रेडॉर म्युनिकच्या जानेवारीत उतरला, तर पहिले आठवडे लहान फेऱ्याच बऱ्या. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पंजे भेगाळतात, म्हणून घरी आल्यावर ते कोमट पाण्याने धुवावेत. 'थंड देशात गोचीड कुठून येणार' हा समज तर साफ चुकीचा. तिथल्या गोचिडी लाइम आजार पसरवतात आणि गवतातून फिरणाऱ्या कुत्र्याला त्यापासून जपावंच लागतं.

पहिल्या महिन्यातच स्थानिक डॉक्टरांकडे नोंद करून घ्यावी. युरोपीय संघात राहायला गेलेल्या कुत्र्याला तिथले डॉक्टर पेट पासपोर्ट देऊ शकतात. पुढे भारतात सुट्टीवर आणायचा बेत असेल, तर युरोप सोडण्याआधी टायटर टेस्ट करून तिची नोंद या पासपोर्टमध्ये घ्यावी, म्हणजे परत जाताना तीन महिने थांबावं लागत नाही. कायमचं भारतात परतायचं झालं, तर इथल्या क्वारंटाइन यंत्रणेची परवानगी आधी घ्यावी लागते. त्यासाठी जातानाचे सगळे कागद जपून ठेवलेले असावेत.

न नेणं हाही एक निर्णय

सगळी तयारी करूनही काही कुत्र्यांसाठी प्रवास योग्य नसतो. हृदयाचा आजार असलेला बारा वर्षांचा कुत्रा, श्वास घेताना घरघरणारा पग किंवा तात्पुरत्या दीड वर्षाच्या नोकरीसाठी दोनदा सहन करावा लागणारा विमानप्रवास. अशा वेळी त्याला ओळखणाऱ्या आजी-आजोबांकडे किंवा मावशीकडे ठेवणं ही माया कमी असल्याची खूण नव्हे. त्यासाठीही तयारी लागते. काही महिने आधीपासून त्याला त्या घरी राहायची सवय लावायची, औषधांची आणि डॉक्टरांची माहिती लिहून द्यायची, खर्चाची सोय करायची.

जे करता येत नाही, ते म्हणजे घाईत रस्त्यावर सोडणं. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही आणि तिथल्या टोळीत जागाही मिळत नाही. उपासमार होईल अशा अवस्थेत प्राण्याला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

बहुतेकदा ही वेळ येते ती माया नसते म्हणून नव्हे, तर दिवस उरलेले नसतात म्हणून. परदेशी जायची बोलणी घरात सुरू झाली, की व्हिसाच्या आधी, पत्राच्याही आधी, प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन चिप बसवून घ्यावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस द्यावी. बेत बदलला तरी यात तोटा काही नाही. चिप हरवलेल्या कुत्र्याला ओळखायला उपयोगी पडते आणि लस तर त्याला दरवर्षी लागतेच.